करक्युमिनची कॅप्सूल की फेसलेल्या मोहरीतली ब्रोकोली?

ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट पुरी झाली की पुढचा प्रश्न पानात येतो. कॅन्सरच्या स्टेम सेलवर, म्हणजे गाठ नव्याने उभी करू शकणाऱ्या मूळ पेशींवर, काम करणारं काय खायला द्यायचं? ज्यांनी थोडंफार वाचलंय त्यांची यादी बहुधा दोन नावांवर येऊन थांबते, हळदीतलं करक्युमिन आणि ब्रोकोलीतलं सल्फोराफेन. कुडाळात आमच्या घरी दोन्ही करून झालं. माझा कल लपणार नाही, पण तुमच्याकडे चालू असलेलं औषध वेगळं असेल तर निवडही वेगळी होऊ शकते.

दोन्हींपैकी एकही उपचार नाही. हळद-कडुलिंबाने कॅन्सर बरा होतो या दाव्यांवर टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांना नोव्हेंबर २०२४मध्ये पत्रक काढावं लागलं होतं. तेव्हा गोळ्या चालूच ठेवायच्या, प्रश्न फक्त पानात काय वाढायचं एवढाच.

संशोधनाच्या बाजूने दोघं तसे तुल्यबळ. स्तनाच्या गाठीतल्या स्टेम सेल २००३मध्ये मिशिगन विद्यापीठात ओळखल्या गेल्या आणि दोन्ही पदार्थांवरचे गाजलेले प्रयोगही तिथलेच, २०१०चे. करक्युमिन आणि मिऱ्यातलं पायपरीन यांनी काचेच्या बशीतल्या अशा पेशींची वाढ रोखली. सल्फोराफेन एक पायरी पुढे गेलं: ते दिलेल्या उंदरांच्या गाठीतल्या पेशी दुसऱ्या उंदरांत सोडल्या तर तिथे गाठ धरली नाही. पण त्या उंदरांना ते टोचलं होतं, खाऊ घातलं नव्हतं. म्हणून ब्रोकोलीवाल्यांनीही कॉलर ताठ करू नये.

हळदीची अडचण सगळ्यांना ठाऊक असते. तिच्यात करक्युमिन जेमतेम ३ टक्के, आणि त्यातलं रक्तात पोचतं ते आणखी थोडं. बंगळुरूच्या १९९८च्या अभ्यासात २ ग्रॅम करक्युमिनला २० मिलिग्रॅम पायपरीनची जोड दिल्यावर शोषण २० पट झालं. तेव्हापासून करक्युमिन कॅप्सूलच्या बहुतेक डब्यांवर ‘मिऱ्याच्या अर्कासह’ असं ठळक लिहिलेलं असतं.

आमचं घोडं तिथेच अडलं. हिला टॅमॉक्सिफेन चालू. ही गोळी शरीरात गेल्यावर तिचं एंडॉक्सिफेन होतं आणि खरं काम ते करतं. रॉटरडॅमला २०१९मध्ये टॅमॉक्सिफेनवरच्या बायकांना करक्युमिन आणि पायपरीन एकत्र दिलं, तर रक्तातलं एंडॉक्सिफेन साधारण १२ टक्क्यांनी उतरलं. म्हणजे जी गोळी आजार परत येऊ नये म्हणून घ्यायची, तिच्याच पायात पाय. मिरं काढा तर करक्युमिन अंगी लागत नाही, ठेवा तर टॅमॉक्सिफेनची काळजी. एक सकाळी, एक रात्री घेतली तर चालेल का, हे विचारायला डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘एवढं गणित करण्यापेक्षा ती कॅप्सूल नकोच.’’ शिवाय दुपारपर्यंत येणारे हळदीचे ढेकर. हिने डबा फ्रीजच्या मागे सारला. आमटी-कालवणातली हळद अर्थात तशीच चालू आहे, तिला कोणी हात लावलेला नाही.

ब्रोकोलीचं दुखणं निराळं. ती घाटावरून येते आणि आमच्या बाजारात पोचेपर्यंत तुरे पिवळे पडायला लागतात. ब्रोकोलीच्या बियांना मोड आणून खाणं जास्त फायद्याचं, कारण ३ दिवसांच्या मोडांत सल्फोराफेनचा कच्चा माल १० ते १०० पट असतो. पण आमच्याकडच्या पावसात मोडांना बुरशी आधी येते, वास सुटतो आणि सगळं उकिरड्यावर.

सल्फोराफेन भाजीत तयार नसतं. चिरताना वा चावताना मायरोसिनेज नावाचं एन्झाइम सुटतं आणि ते घडवतं. भाजी शिजली की हे एन्झाइम मरतं. मोहरीत मात्र तेच एन्झाइम भरपूर. रेडिंग विद्यापीठाच्या २०१८च्या प्रयोगात शिजवलेल्या २०० ग्रॅम ब्रोकोलीवर १ ग्रॅम मोहरीची पूड घातली, तर शरीरात पोचलेलं सल्फोराफेन चौपटीच्या वर गेलं. हे वाचून मला हसूच आलं. काकडीच्या कोशिंबिरीत फेसलेली मोहरी आमच्याकडे कधीपासून आहे! ही तीच करते: मोहरी खलात घ्यायची, पाण्याचा हबका मारत घोटायची, नाकात झणका गेला की झाली. ब्रोकोली जेमतेम वाफवून, कोमट झाल्यावर दह्यासोबत त्यात कालवायची. वरून खोबरं. फोडणीत तडतडलेली मोहरी या कामाची नाही, तिचं एन्झाइम तेलातच गेलेलं असतं.

कोकमातल्या गार्सिनॉलचंही नाव हल्ली निघतं. तेही अजून प्रयोगशाळेपुरतंच, आणि पाण्यात ते फारसं विरघळत नाही. सोलकढी भातावर प्यावी, औषध म्हणून मोजू नये.

रक्त पातळ करणारी वॉर्फरिनसारखी गोळी असेल तर ब्रोकोलीतलं के जीवनसत्त्व मध्ये येतं. तिथे डॉक्टर सहसा दर आठवड्याला साधारण तेवढीच खायला सांगतात, बंद करायला नाही. कॅप्सूलच घ्यायची असेल तर डॉक्टरांकडे डबाच घेऊन जा, नुसतं नाव सांगून भागत नाही. मिऱ्याच्या अर्काचं प्रमाण मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतं.