सौरघटाची चाचणी: हॅलोजनखाली की उन्हात?
प्रयोगशाळेत हॅलोजनचा दिवा सोयीचा, यात वाद नाही. जुलैत प्रॅक्टिकल आलं तर ऊन आणणार कुठून? दिवा मागेपुढे सरकवला की तीव्रता बदलते आणि रिओस्टॅट (कमीजास्त करता येणारा रोध) सावकाश फिरवत व्होल्टेज-करंटच्या नोंदी निवांत घेता येतात.

गोची होते ती कार्यक्षमता काढताना, म्हणजे घटातून मिळालेल्या विद्युतशक्तीला त्यावर पडलेल्या प्रकाशाच्या शक्तीनं भागताना. हॅलोजनच्या उजेडात अवरक्त किरणांचा भरणा. सिलिकॉन साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतच्याच तरंगलांबी वापरतो, त्यापुढचं सगळं नुसती उष्णता. त्यात लक्समीटर मोजतो फक्त डोळ्याला दिसणारा प्रकाश, म्हणजे भागाकारातला छेदच चुकला. घट तापतो तेही वेगळंच: एका घटाचं खुल्या मंडलातलं (काहीही न जोडता मिळणारं) व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टनं उतरतं. मग पहिलं आणि शेवटचं वाचन जुळत नाही आणि बिचाऱ्या मल्टिमीटरला शिव्या बसतात.

उन्हात वर्णपट खरा मिळतो. निरभ्र दुपारी घट सूर्यासमोर नीट तिरका धरला, की तीव्रता चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास जाते. प्रमाण चाचणीतही तीच धरतात. त्या चाचणीतलं २५ अंश तापमान मात्र नागपूरच्या मे महिन्यात विसरा. ढग आला की नोंदी बाद, आणि तीव्रता मोजायचा पायरॅनोमीटर महाग.

मी तरी व्होल्टेज-करंटचा आलेख शिकवायला दिवा घेईन आणि कार्यक्षमतेच्या आकड्यासाठी गच्ची गाठेन. दोन्हीकडे व्होल्टमीटरच्या तारा थेट घटाच्या टोकांना जोडा, नाहीतर गंजक्या क्लिपांचा रोधही आलेखात घुसतो.