कार्लोस क्लायबरची बीथोव्हन ५ आणि ७: सातवी ऐकाच

बीथोव्हन ऐकायचाय, सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की मी डोळे झाकून हीच सीडी सांगते. डॉइश ग्रामोफोन ह्या कंपनीची आहे, व्हिएन्ना फिलहार्मोनिक हा ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर कार्लोस क्लायबर. पाचवी सिम्फनी १९७४ ची, सातवी त्याच्यानंतरची, आधी दोन वेगळ्या एलपी होत्या, आता एकाच सीडीवर मिळतात, स्ट्रीमिंगवरपण आहेत.

पाचवीचं ते टाटाटा टाऽऽ सगळ्यांनाच पाठ असतं, क्लायबर ते असं काही अंगावर सोडतो की हातातलं काम थांबतंच. पण माझे पैसे वसूल झाले ते सातवीत. अख्खी लयीवर उभी आहे हो ती! सुरुवातीला बराच वेळ संथ चालतं, मग एकच सूर व्हायोलिन आणि फुंकवाद्यं एकमेकांकडे टोलवत बसतात, आता काय करणार हे लोक असं वाटत असतानाच फ्लूट ती उड्या मारणारी चाल धरतो आणि मग पहिली मूव्हमेंट, म्हणजे सिम्फनीचा पहिला भाग, संपेपर्यंत ती सुटत नाही.

दुसरी मूव्हमेंट म्हणजे तर कळसच. तोच ठेका, लांब छोटा छोटा लांब लांब, आधी खालची तंतुवाद्यं घेतात, मग व्हायोलिनच्या दोन गटांपैकी सेकंड, मग फर्स्ट, आणि दरम्यान खालून दुसरीच एक सुरावट हळूच शिरलेली असते. १८१३ च्या डिसेंबरात व्हिएन्नात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली, कान अधू झालेले असूनही बीथोव्हन स्वतः कंडक्ट करत होता, आणि लोकांनी ह्याच मूव्हमेंटला वन्स मोअर दिला! क्लायबर तिचा शेवट बो (गज) न लावता नुसतं तारा छेडून करतो, त्याचे वडील एरिख क्लायबरही तसंच करायचे. काहींना ते खटकतं, मला फार आवडतं.

हेडफोन लावूनच ऐका. फर्स्ट व्हायोलिन डावीकडे, सेकंड उजवीकडे बसवलेत, त्यामुळे शेवटच्या मूव्हमेंटमध्ये ह्या कानातून त्या कानात नुसती जुगलबंदी चालते. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून "ठीक आहे" म्हणू नका, तिथे बेस ऐकूच येत नाही.

तक्रार एकच, सातवीचा आवाज पाचवीइतका भरदार नाही, जरा कोरडा वाटतो. म्हणून पाचातला अर्धा स्टार कापला, तोही जिवावर येऊन.