शिसे काढणारा हातसाबण आणि वाइप्स: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझी पंधरा वर्षांची मुलगी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात १० मीटर एअर पिस्तूलचा सराव करते. स्पर्धेत ६० शॉट असले, तरी सरावाच्या दिवशी शंभर-सव्वाशे पेलेट सहज संपतात. ४.५ मिलिमीटरचे, साधारण अर्ध्या ग्रॅमचे हे पेलेट मऊ शिशाचे असते आणि प्रत्येक वेळी ते चिमटीत धरूनच पिस्तुलात बसवावे लागते. तासाभरात अंगठा आणि तर्जनी करडी होतात. वर्षभर आम्ही तो काळपटपणा अंगाच्या साबणाने धुतला, आणि डाग गेला म्हणजे शिसे गेले असे समजत राहिलो.

हा समज गेल्या वर्षी मोडला. एका ओळखीच्या पालकांनी शिसे तपासण्याच्या काड्या दिल्या. त्यांतील ऱ्होडिझोनेट या रसायनाचा पिवळसर रंग शिशाशी संबंध येताच गुलाबी किंवा लाल होतो. दोनदा साबण लावून धुतलेल्या, दिसायला अगदी स्वच्छ अशा बोटांवर काडी फिरवली आणि ती स्पष्ट गुलाबी झाली. पुढे वाचनात आले, की अमेरिकेतील एनआयओएसएच या संशोधन संस्थेला बॅटरी कारखान्यांतील कामगारांच्या हातांवरही धुतल्यानंतर शिसे आढळले होते आणि त्यातूनच तेथे विशेष हातसफाईची पद्धत विकसित झाली. शिशाचे बारीक कण त्वचेच्या रेषांत आणि नखांच्या कडांना धरून राहतात, आणि नेहमीच्या साबणाने ते पुरते सुटत नाहीत. सॅनिटायझर तर जंतूंसाठी असते. त्याने शिसे केवळ हातभर पसरते.

धडधाकट कातडीतून हे शिसे फारसे आत जात नाही. ते जाते तोंडावाटे आणि श्वासावाटे. आपण हाताने जेवणारी माणसे. सराव संपला की मुले तिथेच डबा उघडून पोळीचा तुकडा मोडतात, म्हणून आपल्याकडे हा प्रश्न अधिक गंभीर मानायला हवा, असे मला मनापासून वाटते. शिवाय आमच्या घरी धाकट्या दिरांचा दोन वर्षांचा मुलगा आहे आणि ताई आली की तो आधी तिचा हात धरतो. एवढ्या लहान वयात शिशाचा मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम भरून निघत नाही.

मी घेतलेल्या संचात सायट्रिक आम्लयुक्त द्रव साबण आणि खरखरीत पोताचे वाइप्स आहेत. आम्ल शिशाला धरते आणि पोत ते कण उचलतो. आमच्या भागात टँकरचे जड पाणी येते. त्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही, याला मात्र येतो. पहिल्या महिन्यात मात्र मी निराश झाले होते, कारण बोटांच्या पेरांवर काडी पिवळी राहिली तरी नखांच्या कडेला ती पुन्हा गुलाबी होई. चूक आमच्या क्रमात होती. आता रेंजवरच, मोबाइल आणि पिशवीला हात लावण्याआधी, कोरड्या हातांवर वाइप फिरवायचा. मग थंड पाण्याने साबण, नखांना मऊ ब्रश, आणि पुसायला कागद. नॅपकिन वापरला तर तोच पुढच्या वेळी शिसे परत देतो. या क्रमानंतर काडी बहुतेक वेळा पिवळीच राहिली आहे. मोबाइलचे कव्हर आणि स्कूटीची मूठ तपासली तेव्हा दोन्ही गुलाबी निघाली, म्हणून त्यांच्यासाठीही आठवड्याला एक वाइप ठेवला आहे.

उणिवाही सांगते. हात फार कोरडे पडतात. हिवाळ्यात मुलीच्या बोटांना भेगा पडल्या आणि रात्री खोबरेल तेल लावावे लागले. वाइप्स महाग आहेत आणि पाकीट नीट बंद केले नाही तर उन्हाळ्यात आठवड्यात वाळतात. साबणाचा पंप चौथ्या महिन्यात अडकला. वास औषधी आहे, त्याची सवय होते.

रक्ततपासणी दोनदा केली, तीही दंडातील शिरेतून. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात हातावरचे शिसे मिसळून आकडा फुगतो. पहिल्यांदा ६.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आले, सात महिन्यांनी ३.८. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने मुलांसाठी २०२१ पासून ३.५ ही संदर्भपातळी ठेवली आहे, म्हणजे आम्ही अजून तिच्या वरच आहोत. डॉक्टरांनी हळद, सिंदूर आणि भस्मे यांचीही चौकशी केली, कारण त्यांतही शिसे असू शकते, आणि सुटी हळद आम्ही त्याच आठवड्यात बंद केली. रेंजवर खाणेही बंद झाले. त्यामुळे घसरणीचे सगळे श्रेय मी साबणाला देऊ शकत नाही. रक्तातील शिसे निम्मे व्हायला साधारण महिना लागतो, पण हाडांत साठलेले वर्षानुवर्षे राहते आणि तेथून थोडे थोडे रक्तात उतरते, म्हणून तिसरी तपासणी दिवाळीनंतर करणार आहोत.

तोवर साबणाची दुसरी बाटली मागवली आहे. वाइप्स या वेळी लहान पाकिटांचे घेतले. एक पिस्तुलाच्या पेटीत राहील, एक माझ्या पर्समध्ये.