मणक्यात जेल सोडतो म्हणाले, साडेसहा लाख गेले

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण परवा त्या जेलवाल्या क्लिनिकचाच नवीन व्हिडिओ वहिनीच्या फोनवर फिरत आला म्हणून लिहितेय.

दादा मे 2022 ला गोठ्यावर पत्रे ठोकताना पडला. डी-10 ला, म्हणजे पाठीचा दहावा मणका मोडला, रॉड-स्क्रू टाकले पण बेंबीखाली काहीच कळत नाही, डिस्चार्ज पेपरवर कम्प्लीट इंज्युरी लिहिलंय, म्हणजे इजेच्या खाली ना संवेदना ना हालचाल. दीड वर्षाने एका पाहुण्यांनी त्या क्लिनिकचा नंबर दिला. तिथे लॅपटॉपवर उंदीर दाखवले, आधी मागचे पाय फरफटत नेणारे आणि मग चालणारे, म्हणे मज्जारज्जूत जेल सोडायचं, त्याची आत जाळी होते आणि मांडवावर वेल चढावा तशा नसा वाढतात. आई तिथेच रडायला लागली.

उंदीर खरे होते हो, त्याचाच जास्त राग येतो. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युअल स्टुप यांच्या टीमने केलेलं काम, 2021 ला छापून आलेलं. पण त्या उंदरांना इंजेक्शन दिलं ते इजा झाल्यावर 24 तासांनी, आणि दादाला झालेले अठरा महिने, तोवर आत व्रण धरून बसलेला असतो, नसांना तो ओलांडता येत नाही. माणसांतही अशी जाळी बसवून बघितलीय, इनव्हिवो थेराप्युटिक्स कंपनीने, तीसुद्धा ताज्या दुखापतीत ऑपरेशन करून, आणि 2023 ला ती ट्रायल फेल गेली. हे सगळं नंतर रिहॅबच्या, म्हणजे पुनर्वसनाच्या डॉक्टरांकडून कळलं. आधी विचारायला काय झालं होतं मला!

साडेसहा लाख घेतले. मागच्या खोलीत वीस मिनिटांत कमरेत सुई, बाटलीचं लेबल खरवडलेलं, मी फोटो काढायला गेले तर फोन पर्समध्ये टाकायला लावला. पावतीवर जेलचं नावच नाही, 'फिजिओथेरपी पॅकेज' लिहिलंय.

तिसऱ्या आठवड्यात दादाच्या पायाचा अंगठा हलला. व्हिडिओ पाठवला तर म्हणे नस जागी होतेय, आता दुसरा डोस, सव्वादोन लाख. नशीब आम्ही आधी रिहॅबला दाखवलं. डॉक्टरांनी दादाला डोळे मिटायला सांगून टाचणी आणि कापूस लावत बघितलं, जिथवर कळतं ती रेघ होती तिथेच, बेंबीला. मग म्हणाले अंगठा हलवा. नाही हलला. त्यांनी तळव्याला हात लावला तर अख्खा पाय थडथड उडायला लागला, त्याला स्पॅझम म्हणतात, आपोआप येणारा झटका, तो असतोच. दादा काही बोलला नाही, चादर पायावर ओढून घेतली.

कोणी 'ट्रायल आहे' म्हणालं तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा नंबर मागा, 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे, साईटवर फुकट बघता येतं, आणि ट्रायलमधल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. आम्ही नंबर मागितल्यावर रिसेप्शनवाली म्हणाली सर मीटिंगमध्ये आहेत, तेव्हापासून मीटिंगच चाललीय. पोलिसांत गेलो तर त्यांनी पावती बघितली आणि म्हणाले, फिजिओथेरपी तर दिलीय ना ताई?

वहिनीच्या पाटल्या अजून पतसंस्थेत गहाण आहेत.