पोळी सोडायची की नाही: ऐरोलीचं घर आणि नौपाड्याचं घर

माझी ताई ऐरोलीला राहते, मी ठाण्यात नौपाड्यात. गेली दोन वर्षं दोन्ही घरांत गव्हावरून बोलणं होतं, पण दोघींचा प्रश्न निराळा आहे. तिच्या ११ वर्षांच्या मुलीला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडवणारा आजार. मी मात्र पोट फुगतं म्हणून पोळी सोडून पाहिली. ‘ग्लूटेन बंद करू का?’ असं मनात आलं असेल, तर आपण यातल्या कुठल्या घरात बसतो ते आधी बघा.

कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवली की मऊ पडते, ताणली तरी तुटत नाही. हा चिवटपणा ज्या प्रथिनांमुळे येतो ते ग्लूटेन. ते गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे) या धान्यांत असतं; म्हणजे रवा, मैदा, लापशी, गव्हाच्या शेवया, कुरडया सगळं त्यात आलं. खपली गहूसुद्धा. दुकानात ‘खपली चालते हो’ असं बिनधास्त सांगतात, पण सीलिअ‍ॅक असलेल्याला ती चालत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांत ग्लूटेन नाही. म्हणून तर भाकरीला गरम पाणी लागतं आणि थापताना कडेला चिरा जातात.

भाचीला जुलाब फारसे झालेच नाहीत, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. लोहाच्या गोळ्या चालू, हिमोग्लोबिन जागचं हलेना. उंचीप्रमाणे लावलेल्या शाळेच्या रांगेत ती दरवर्षी पुढे पुढे येत गेली, कारण बाकीची मुलं वाढत होती. शेवटी एका डॉक्टरांनी सीलिअ‍ॅक ओळखायची रक्ताची टीटीजी-आयजीए चाचणी करायला लावली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला. या आजारात ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. आतल्या अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे झिजतात आणि खाल्लेलं लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही. जगात साधारण १०० माणसांत एकाला हा आजार असतो. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी याचा गव्हाशी असलेला संबंध दाखवून दिला. दुसऱ्या महायुद्धात पावाची टंचाई झाली तेव्हा त्यांची आजारी मुलं सुधारली होती. उपाय आजही तोच आहे, ग्लूटेन आयुष्यभर बंद. ‘सणावारी एखादी पुरणपोळी’ ही सवलत तिला नाही.

त्यामुळे ताईच्या घरी नुसती पोळी बंद करून भागलं नाही. गिरणीत आपल्या आधी कुणाचा गहू दळलेला असतो, आणि जात्यात राहिलेलं ते पीठ आपल्या ज्वारीत उतरतं. ताईने घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच घालत नाही. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरी घालतात. डबीतल्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्येही गहू असू शकतो. पोळी-भाजी केंद्रातली ज्वारीची भाकरी माझ्यासाठी उत्तम, पण भाचीसाठी नाही, कारण त्याच ओट्यावर, त्याच तव्यावर पोळ्या होतात. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. तिला हा शिक्का खरोखर लागतो.

आता माझं घर. भाचीचं कळल्यावर मी आधी चाचणी करून घेतली. ती निगेटिव्ह आली, मग महिनाभर गहू सोडला. पोट हलकं झालं, वजनही थोडं उतरलं. पण पोळीबरोबर खारी, टोस्ट, संध्याकाळचा वडापाव आणि बेकरीची बिस्किटंही गेली होती. दुसऱ्या महिन्यात फक्त पोळ्या परत आणल्या, दुपारी दोन. काहीच त्रास झाला नाही. काहींना सीलिअ‍ॅक नसतानाही गव्हाने त्रास होतो हे खरं आहे, पण त्यात पुष्कळदा दोष ग्लूटेनचा नसून गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकाचा असतो. तेच कांद्यात आणि लसणातही असतं. त्यांना गहू कमी करून चालतं, हिंगाची डबी तपासत बसावं लागत नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी हा तिसरा प्रकार, त्याची तपासणी वेगळी.

सीलिअ‍ॅक नसलेल्या माणसाने निव्वळ तब्येत सुधारावी म्हणून ग्लूटेन-फ्री पाकिटं आणणं मला पटत नाही. त्यातल्या बऱ्याच बिस्किटांत आणि पावांत तांदळाचं पीठ, मक्याचा नाहीतर टॅपिओकाचा स्टार्च, साखर आणि तूप-तेल असतं. चोथा कमी, किंमत दामदुप्पट. पोळी सोडून पांढरा भात आणि साबुदाणा वाढवला तर मधुमेहाच्या माणसाची साखर उलट चढते. बदल करायचाच असेल तर एका वेळची पोळी काढून भाकरी घ्या. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम असतं. ज्वारी-बाजरी ठाण्यात जांभळी नाक्याला कुठल्याही धान्याच्या दुकानात मिळते, तीही पाकिटातल्या पिठाच्या मानाने कितीतरी स्वस्त.

ज्यांना कमी हिमोग्लोबिन, सततचे जुलाब, मुलाची खुंटलेली वाढ किंवा घरातला सीलिअ‍ॅक यांपैकी काही आहे, त्यांना मी कळकळीने सांगते: आधी चाचणी, मग गहू बंद. रक्तातल्या ज्या प्रतिपिंडांवरून आजार ओळखतात ती गहू सोडल्यावर कमी होत जातात आणि आजार असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. मग निदानासाठी काही आठवडे पुन्हा गहू खावा लागतो, आणि बरं वाटू लागलेल्या मुलाला तो मुद्दाम भरवणं आईच्या जिवावर येतं.

सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांत हा आजार निघण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ताईने धाकट्याचीही तपासणी केली. निगेटिव्ह आली, पण काही वर्षांनी पुन्हा करायला सांगितली आहे. तोवर त्याची पोळी चालूच आहे. ताई सकाळी आधी लेकीच्या भाकऱ्या करते, त्या झाकून डब्यात भरते, आणि मग वेगळी परात, वेगळा तवा काढून त्याच्या दोन पोळ्या लाटते.