निळ्या पिशवीतलं खनिज मिश्रण: चैत्र ते गणपती

आमचा गोठा गुहागर तालुक्यात. दोन संकरित जर्सी, एक कपिला, एक म्हैस. ह्यांची नोकरी चिपळूणला, त्यामुळे आंबोण (पेंड-कोंड्याचं कालवण), धारा आणि डेअरीवर दूध घालणं सगळं माझ्याकडे. आंबोणात घालायच्या या खनिज मिश्रणाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि दुकानदार ओळखीचा आहे. पाच किलोची निळी पिशवी, एवढं पुरे.

हे घ्यायची वेळ आली ती मोहरीच्या पेंडीमुळे. गेल्या दिवाळीत सरकी परवडेनाशी झाली आणि दुकानदाराने राजस्थानकडची तेलघाण्याची मोहरी पेंड दाखवली. स्वस्त, प्रथिनं चांगली. सवयीने मी ती रात्री भिजत घातली. सकाळी झाकण काढलं तर डोळ्यांना धार. लोणच्याची मोहरी फेसताना नाकात जाते ना, अगदी तोच झणका! म्हशीने घमेल्यात तोंड घातलं आणि फुरफुरत मागे झाली. मग कोरडीच, भाताच्या कोंड्यात मिसळून घालायला लागले. हळूहळू सगळी खायला लागली. तांबू गाभण होती, तिला जरा जास्तच, रोज दोन किलो. चैत्रात ती व्याली. पाडी जिवंत होती पण उभी राहीना. अंगावर केस विरळ, गळ्याखाली लिंबाएवढी गाठ. तिसऱ्या दिवशी गेली.

डॉक्टरांनी गाठ चाचपली आणि पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, गाभणपणी पेंड कुठली घालत होता?" हा गलगंड आहे, आयोडीन कमी पडलं की होतो, म्हणाले. मला पटेना. घरापासून समुद्र दहा मिनिटांवर, इथे आयोडीन कमी कसं पडेल? ते म्हणाले, मासे तुम्ही खाता, गाय पेंढा खाते, आणि आपली तांबडी माती पावसाने धुऊन निघालेली. शिवाय मोहरीत ग्लुकोसिनोलेट नावाचे पदार्थ असतात. ते फुटले की थायोसायनेट तयार होतं आणि ते गळ्यातल्या ग्रंथीत आयोडीनची जागा अडवतं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं. मग आयोडीन जास्त दिलं तर त्यातल्या काहींना तरी जागा मिळते. कासेतही हीच अडवणूक होते, म्हणून दुधातही आयोडीन कमी उतरतं. मात्र त्याच मोहरीतून गॉयट्रिन नावाचं आणखी एक निघतं, ते ग्रंथीचं कामच बिघडवतं. तिथे आयोडीन वाढवून फारसा उपयोग नाही. म्हणजे पावडर घातली की पेंड कितीही घाला, असं नाही. हे वाक्य डॉक्टर दोनदा बोलले, बहुतेक माझा चेहरा बघून.

शेजारच्या काकी म्हणाल्या, घरातलं आयोडीनचं मीठ घाल की. हिशोब करून बघितला. त्या मिठात आयोडीन कमीत कमी १५ पीपीएम (किलोमागे १५ मिलिग्रॅम) असतं, म्हणजे ३० ग्रॅम मिठातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. दुभत्या गाईला सुक्या चाऱ्याच्या किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम लागतं, अशी पेंड खात असेल तर दुप्पट. दहा-बारा किलो सुकं खाणाऱ्या गाईला दहा-बारा मिलिग्रॅम झालं. निळ्या पिशवीवर आयोडीन ०.०२६ टक्के लिहिलंय. रोज ५० ग्रॅम घातलं तर १३ मिलिग्रॅम. बसतं.

आधी मी दुसरीच एक पिशवी आणली होती, मीठ घातलेली आणि स्वस्त. मिरगाच्या पहिल्या पावसात तिचा दगड झाला, वरवंट्याने फोडायची पाळी. बारीक अक्षरं तेव्हा वाचली: पोटॅशियम आयोडाइड. दमट हवेत ते टिकत नाही, आयोडीन उडून जातं. म्हणजे आषाढात मी गाईंना नुसता चुना खाऊ घालत होते का कोण जाणे! निळ्या पिशवीत बिनमिठाचं मिश्रण आहे आणि कॅल्शियम आयोडेट आहे, ते टिकाऊ. कोकणात हे घेणार असाल तर किमतीआधी ही एक ओळ वाचा.

आता फरक. तांबूच्या डोळ्यांभोवती केस पांढुरके झाले होते, चष्मा घातल्यासारखे. डॉक्टरांच्या मते ते तांबं कमी पडल्याचं लक्षण. मोहरीतलं गंधक तांब्याच्या आड येतं. श्रावणापर्यंत तिथे पुन्हा तांबूस केस आले. कपिला गणपतीत व्याली, पाडा तासाभरात उभा राहून ढुशा द्यायला लागला. पण त्याच काळात मी पेंड दोन किलोवरून पाऊण किलोवर आणली आणि उरलेल्यात खोबऱ्याची पेंड घातली. तेव्हा श्रेय किती पावडरीचं आणि किती पेंड कमी केल्याचं, हे मला सांगता येणार नाही. दूध वाढलं नाही. पिशवीवरचं चित्र बघून वाढेल असं वाटतं, तर वाटू देऊ नका.

तक्रारी अशा. पिशवीला साधी चिकटपट्टीही नाही. मी चिमटे लावून स्टीलच्या डब्यात ठेवते. आत मापाचा चमचा नाही. पातळ आंबोणात घातलं तर सगळं घमेल्याच्या तळाशी बसतं आणि गाय वरचं पिऊन मोकळी, म्हणून घट्टच कालवायला लागतं. मोहरीचा कडवटपणाही याने जात नाही, म्हैस अजून नाक मुरडते.

ह्यांनी कुठेसं वाचलं की जर्मनीत पेंड मोरचुदाच्या (तांब्याच्या निळ्या क्षाराच्या) पाण्यात भिजवून, वाळवून डुकरांना घालून बघितली आणि त्याने ग्लुकोसिनोलेट पुष्कळ उतरली. सुपारीवर बोर्डो (बुरशीवरचं औषध) मारायला मोरचूद घरात असतोच, लगेच बादली घेऊन निघाले. मी डॉक्टरांना फोन लावला. ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. थोडक्यात, जास्तीचं तांबं यकृतात साठतं आणि जनावर जातं. निळ्या पिशवीतही तांबं आहेच. जाऊबाईंनी हीच पावडर घाटावरच्या भावाच्या मेंढ्यांसाठी मागितली, तेव्हा दिली नाही. मेंढीला तांबं गाईपेक्षा फार लवकर बाधतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा चिकटपट्टीचा कापला. दुकानदाराला एक किलोची पाकिटं आणायला सांगितलंय. तो म्हणतो, कंपनी पाठवत नाही.