धाक की संवाद?

मालवणच्या मावसबहिणीचा प्रश्न: नवरा मुंबईला, मुलगा दहावीत, वडिलांसारखा धाक ठेवू की बोलून घेऊ? मार्कांचं सोडा, पोरगा पस्तिशीत कसा असेल ते पाहू.

मेहनत धाकाला कमी. डोळे वटारले की काम झालं. संवादाला वेळ लागतो, आणि दिवसभर राबलेल्या आईकडे नेमका तोच नसतो.

टिकण्याचं म्हणाल तर धाक माणूस समोर असेपर्यंतच. चाकरमानी बाप गणपतीला आला की पोरगा ओटीवर वही उघडून बसतो. मोबाइल मात्र वहीखाली. अशी मुलं मोठेपणी लपवण्यात तरबेज होतात, नाहीतर कलमांची बाग कराराने द्यायची की नाही हेही बापाला विचारल्याशिवाय ठरवू शकत नाहीत. सगळीच नाही, स्वभाव आणि घरची ओढाताणही मोजावी लागते.

संवाद म्हणजे मोकाट सोडणं मात्र नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६०च्या दशकात हाच फरक मांडला: नुसता हुकूम, नुसती मोकळीक, आणि माया ठेवून कारण सांगत पाळलेले नियम. पुढच्या बऱ्याच अभ्यासांत आत्मविश्वास आणि जबाबदारी या तिसऱ्या घरांत जास्त दिसली.

उधाणात पाण्यात उतरू नको, विहिरीच्या काठावर मस्ती नको, असल्या गोष्टींना धाकच बरा, चर्चा नंतर. अभ्यास, मैत्री, पैसा, पुढे लग्न यांसाठी संवाद. आणि नवऱ्याने फोनवर फक्त मार्क विचारू नयेत.